फ्रेमवर लांब पंप कसा बसवावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लांबच्या सायकलफेरीत पंक्चर झाले तर जवळ काय काय असावे, हा विषय या सदरात निघाला होता. तेव्हा मी सहज लिहून गेलो की खिशात मावणाऱ्या छोट्या पंपापेक्षा फ्रेमवर बसणारा जुन्या पद्धतीचा लांब पंप मला अधिक भरवशाचा वाटतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींनी दुजोरा दिला, काहींनी थट्टा केली आणि बहुतेकांनी तो पंप बसवायचा तरी कुठे, असे विचारले. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे आडव्या दांड्याची, स्टीलच्या फ्रेमची जुनी रोड बाइक आहे. तिच्यासाठी मी मुठीत स्प्रिंग असलेला लांब पंप घेतला आणि तो दांड्याखाली दोन प्लास्टिकच्या क्लिपांनी अडकवला. खडबडीत रस्त्यावर तो सतत खडखडतो आणि दोनदा निसटून रस्त्यावर पडला. क्लिपा बदलल्या, तरी फरक पडला नाही. तो बसवण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : आपल्या क्लिपांचा दोष नाही. जे काम क्लिपांचे नाही ते आपण त्यांच्याकडून करून घेत आहात, एवढेच. पारंपरिक फ्रेमपंप हा बाहेरून धरून ठेवण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो दोन टोकांमध्ये दाबून बसवायचा असतो. मुठीतली स्प्रिंग त्यासाठीच दिलेली असते. पंपाची मूळ लांबी जागेपेक्षा थोडी जास्त असते, स्प्रिंग दाबून तो आखूड करून जागेत घालायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे स्प्रिंग त्याला दोन्ही टोकांकडे रेटत राहते. ताण पंपाच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे रस्त्याचे धक्के वरून-खालून आले, तरी पंप जागा सोडत नाही. क्लिपा मात्र त्याला फक्त बाजूने धरतात. धक्क्यागणिक त्यांचे जबडे किंचित उघडतात, आणि काही किलोमीटरनंतर पंप आपल्या मर्जीने वागू लागतो.

म्हणून पहिले काम मापाचे. आपल्या फ्रेमवर पंप दांड्याखाली, म्हणजे टॉप ट्यूबखाली बसणार असेल, तर हेड ट्यूबची (हँडलखालची आखूड उभी नळी) मागची बाजू आणि सीट ट्यूबची (खोगिराखालची उभी नळी) पुढची बाजू यांमधले मोकळे अंतर मोजावे. फ्रेमच्या तक्त्यात दिलेली टॉप ट्यूबची लांबी इथे उपयोगाची नाही, कारण ती एका नळीच्या मध्यापासून दुसऱ्या नळीच्या मध्यापर्यंत मोजलेली असते. तक्त्यात ५५ सेंटिमीटर असले, तरी दोन्ही नळ्यांची अर्धी-अर्धी जाडी वजा गेल्यावर हाती सुमारे ५२ सेंटिमीटरच उरतात, आणि सांध्यावर लग, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या धातूच्या बाह्या, असतील तर आणखी काही मिलिमीटर जातात. मोजपट्टीचे टोक कोपऱ्यात नीट पोहोचत नाही, तेव्हा दोन पातळ लाकडी पट्ट्या एकमेकींवर ठेवून सरकवत न्याव्या, दोन्हींची टोके नळ्यांना टेकली की जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि बाहेर काढून खुणा जुळवून एकूण लांबी मोजावी. हे माप दांड्याच्या लगत न घेता, त्याच्याखाली पंपाच्या अर्ध्या जाडीइतके, म्हणजे सव्वा सेंटिमीटर खाली घ्यावे. रोड बाइकच्या हेड ट्यूबचा आणि सीट ट्यूबचा कल सहसा जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे थोडे खाली-वर झाल्याने फारसे बिघडत नाही. पण लगांच्या टोकांमुळे बिघडते.

प्रत्येक लांब पंप कुठल्या मापापासून कुठल्या मापापर्यंत बसतो हे निर्माता त्यावर किंवा वेष्टनावर देतो. आपले अंतर त्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर पडेल असा पंप घ्यावा. अंतर पल्ल्याच्या वरच्या टोकाला असेल, तर स्प्रिंग जेमतेम दबते आणि आपण वर्णन केलेली खडखड सुरू होते. अंतर खालच्या टोकाला असेल, तर पंप घालायला आणि काढायला दोन्ही हातांचे बळ लागते, आणि पावसात, हातमोज्यांनिशी, अंधारात ते काम नकोसे होते. आपला पंप दोनदा पडला यावरून माझा तर्क असा की तो एक माप आखूड आहे. तसे असेल, तर कोणतीही क्लिप त्याला वाचवणार नाही.

दुसरा मुद्दा टोकांचा. जुन्या चांगल्या फ्रेमांवर हेड ट्यूबच्या मागच्या बाजूस, दांड्याच्या सांध्याखाली, बोराएवढी एक खुंटी डाखलेली असते. ती शोभेची आहे असे समजून लोक वर्षानुवर्षे तिच्यावरून फडके फिरवतात. पंपाच्या मुठीच्या टोकाला जे भोक किंवा खळगा असतो तो या खुंटीवर बसतो. दुसरे टोक, म्हणजे पंपाचे तोंड, सीट ट्यूबच्या गोलाईवर बसेल असे खोलगट केलेले असते. मिलानमध्ये १९१७ साली स्थापन झालेल्या सिल्का कंपनीचा इंपेरो हा हलका प्लास्टिकचा पंप आणि झेफाल या फ्रेंच कंपनीचा ॲल्युमिनियमचा एचपी पंप ही या घराण्याची दोन प्रसिद्ध नावे. इंपेरोचे मूळचे प्लास्टिकचे तोंड काढून तिथे कांपान्योलो या इटालियन कंपनीचे स्टीलचे तोंड बसवण्याची शर्यतवाल्यांत पद्धतच होती.

आपल्या फ्रेमवर खुंटी नसेल, तर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे दोन्ही टोके नळ्यांच्या कोपऱ्यांत बसतील असा खाचेचा पंप घेणे. झेफालचे पंप या बाबतीत बरेच सोशिक असतात. दुसरी म्हणजे पट्टीची खुंटी : धातूची एक पट्टी दांड्याला हेड ट्यूबजवळ आवळून बसते आणि तिच्या खालच्या बाजूला मागे तोंड करून छोटी खुंटी निघालेली असते. ती घेताना नळीचा व्यास आधी मोजावा, कारण जुन्या स्टील फ्रेमांचा दांडा बहुधा २५.४ मिलिमीटरचा असतो, थोड्या अलीकडच्या जाड नळ्यांच्या फ्रेमांवर तो २८.६ मिलिमीटरचा असतो आणि जुन्या फ्रेंच फ्रेमा तर २६ मिलिमीटरच्या असतात. पट्टी अर्धा मिलिमीटर सैल असली, तरी स्प्रिंगच्या रेट्याने ती हळूहळू पुढे सरकते आणि जाताना रंग खरवडत जाते. तिसरी वाट म्हणजे फ्रेम बनवणाऱ्या कारागिराकडून खुंटी डाखून घेणे. हेड ट्यूब ही फ्रेममधली जाड नळी असल्याने तिथे हे काम सुरक्षित आहे, फक्त रंग जळतो आणि तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. फ्रेमचा रंग पुन्हा करायचाच असेल तेव्हाच हा घाट घालावा, केवळ पंपासाठी नव्हे. फ्रेम उष्णतासंस्कार केलेल्या नळ्यांची असेल, उदाहरणार्थ रेनॉल्ड्स ७५३, तर तिथे पितळेची डाखणी चालतच नाही, कमी तापमानावर वितळणारी चांदीमिश्रित डाखणीच लागते. हे कारागिराला सांगावे लागू नये, पण सांगितलेले बरे.

आता घालण्याची रीत. मूठ पुढे आणि पंपाचे तोंड मागे ठेवावे, म्हणजे पुढच्या चाकावरून उडणारा चिखल थेट तोंडाच्या भोकात जात नाही. भोकाची दिशाही जमिनीकडे असावी. आधी मुठीचा खळगा खुंटीवर टेकवावा, मग सगळा पंप पुढे रेटून स्प्रिंग दाबावी, मागचे टोक उचलून सीट ट्यूबच्या कोपऱ्यात न्यावे आणि हात सावकाश सोडावा. टक् असा आवाज करून सोडू नये. दांड्याची नळी मध्यभागी जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीची असू शकते आणि धातूच्या तोंडाचा एक फटका तिच्यावर कायमचा पोचा पाडू शकतो. जिथे पंप टेकतो तिथे जाड पारदर्शक चिकटपट्टी लावावी. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळण्याची लोकप्रिय युक्ती मी सोडून दिली आहे, कारण रबराखाली ओल आणि बारीक वाळू अडकते आणि सहा महिन्यांनी तुकडा काढला की खाली काचकागद फिरवल्यासारखा रंग आणि त्यावर गंज दिसतो.

बसवून झाल्यावर पुढचे चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडावे, मग मागचे. खडखड ऐकू आली, तर माप चुकले आहे. मग बोटाने पंपाचा मध्य बाजूला ढकलून पाहावा. तो किंचित वाकेल, पण टोके जागची हलता कामा नयेत. आणि सीट ट्यूबवरच्या पिंजऱ्यातून पाण्याची बाटली ओढून पाहावी, कारण लहान मापाच्या फ्रेमवर बाटलीचे तोंड वर येताना पंपाला अडते आणि हा शोध चालत्या सायकलवर लागलेला बरा नव्हे.

हे सगळे चोख असले, तरी एक वेल्क्रोची पट्टी पंपाच्या मध्यावर असावीच. तिचा एक वेढा फक्त पंपाला द्यावा आणि दुसरा पंप व दांडा या दोघांना मिळून द्यावा, म्हणजे पंप सुटला, तरी लोंबकळणार नाही आणि पट्टी सरकणारही नाही. ही पट्टी मी बरीच वर्षे वापरत नव्हतो. एका उतारावर खड्ड्यात चाक आपटले, पंप निसटला, पायाला लागून मागच्या चाकात गेला आणि दोन स्पोक तुटले. चाक अडकले नाही, हे माझे नशीब. पंपाच्या नळकांड्याला मात्र असा पोचा पडला की आतला दट्ट्या अर्ध्यावर जाऊन बसे आणि पुढे सरकत नसे. पोचा पडलेला पंप दुरुस्त होत नाही.

प्रश्न : दांड्याखालीच का? जुन्या छायाचित्रांत शर्यतीच्या सायकलींवर पंप उभा, सीट ट्यूबला समांतर दिसतो. ती जागा अधिक चांगली नाही का?

उत्तर : ती जागा खरोखर चांगली होती, पण ती ज्या काळातली आहे त्या काळी सायकलवर बाटलीचा एकच पिंजरा असे, आणि तो डाऊन ट्यूबवर, म्हणजे हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीवर. सीट ट्यूबची पुढची बाजू मोकळी असल्याने दांड्याच्या खालचा कोपरा आणि पॅडलच्या धुरीचे कवच यांमध्ये पंप उभा दाबून बसवता येई. वजन खाली राही, आणि सायकल खांद्यावर घ्यायची झाली, तर दांड्याखाली काही आड येत नसे. आता दुसरी बाटली सीट ट्यूबवर असते आणि पुढच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, पट्टीही तिथेच आवळलेली असते. आपण एकाच बाटलीवर भागवणार असाल, तर ही जागा आजही घ्यावी. फक्त पंपाचे खालचे टोक साखळीच्या दातेरी चक्रापासून दूर राहते ना, हे पॅडल उलटे फिरवून पाहावे.

सीट ट्यूबच्या मागे, ती नळी आणि मागचे चाक यांच्यामध्ये, पंप बसवण्याचीही रीत होती. ती सीट ट्यूबपासून मागचे चाक दूर असलेल्या प्रवासी सायकलींची. आजच्या रोड बाइकवर तिथे बोट घालायलाही जागा नसते. डाव्या सीटस्टेला, म्हणजे खोगिराकडून मागच्या धुरीकडे उतरणाऱ्या बारीक नळीला, समांतर पंप लावणेही पुष्कळ कारागिरांना आवडे, त्यासाठी खाली एक खुंटी लागते. डावी बाजू अशासाठी की उजवीकडे साखळी आणि गिअर असतात. दिसायला ही मांडणी फार देखणी असते. पण पंप चाकाच्या इतका जवळ असल्यावर तो निसटला, तर जाईल कुठे, याचा विचार केला की मला दांड्याखालचीच जागा बरी वाटते.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा खिशातला छोटा पंप किंवा कार्बन डायऑक्साइडची कुपी पुरेशी नाही का? लांब पंपाचा आग्रह ही निव्वळ जुन्याची हौस वाटते.

उत्तर : हौस आहेच, नाकारत नाही. पण तिच्यामागे थोडे गणितही आहे. ७०० सी मापाच्या, २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या आत साधारण एक लीटर जागा असते. त्यात ७ बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय दाब हवा असेल, तर बाहेरची सुमारे ७ लीटर हवा आत कोंबावी लागते. लांब पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास २० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ३६ सेंटिमीटर धरली, तर एका दाबात, म्हणजे पंप एकदा दाबल्यावर, सुमारे ११३ घन सेंटिमीटर हवा जाते. हिशेबाने ६२ दाब पुरतात. खिशातल्या पंपाचा व्यास १५ मिलिमीटर आणि धाव १२ सेंटिमीटर धरा, एका दाबात २१ घन सेंटिमीटर हवा जाते आणि दाब लागतात ३३० च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून जास्त लागतात, कारण प्रत्येक धावेच्या शेवटी थोडी दाबलेली हवा तोंडात आणि नळीत अडकून राहते आणि दट्ट्या मागे घेतला की ती पुन्हा फुगते. हा तोटा आखूड पंपाला अधिक जाचतो, कारण त्याच्या छोट्या धावेतला मोठा वाटा त्यातच जातो.

छोट्या पंपाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर ७ बार दाबाला सुमारे २२ किलोचा जोर लागतो, तर १५ मिलिमीटरच्या दट्ट्यावर तो साडेबारा किलोंवर येतो. म्हणजे छोटा पंप हलका चालतो, फक्त तो चालतच राहतो. ज्यांच्या मनगटांना शेवटचे वीस दाब जड जातात त्यांनी थोडे रुंद टायर वापरावे, असे मी सुचवेन. २८ मिलिमीटरच्या टायरला साडेपाच बार पुष्कळ होतात. गंमत म्हणजे त्यात जागा अधिक असल्याने हवा जवळजवळ तेवढीच, ७ लीटरच्या आसपास, लागते. दाबांची संख्या तीच राहते, पण शेवटचा जोर २२ वरून १७ किलोंवर उतरतो.

कुपीबद्दल म्हणाल, तर १६ ग्रॅमच्या कुपीतून बाहेरच्या दाबाला मोजल्यास साडेआठ लीटरच्या वर वायू निघतो. एक टायर भरायला तो पुरतो आणि काम काही सेकंदांत होते. मात्र कुपी एकदाच चालते, आणि ट्यूबमध्ये टोचलेली काच काढायची राहून गेली असेल, तर चूक कळेपर्यंत वायू निघून गेलेला असतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या ब्यूटाइल रबरातून हवेपेक्षा बराच लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरावी लागते. मला शर्यतीत कुपी पटते. दिवसभराच्या फेरीत, दुसरे पंक्चर झाल्यावर, ती पटत नाही.

प्रश्न : माझी सायकल कार्बनची आहे आणि तिचा दांडा मागे उतरता आहे. तिच्यावर लांब पंप बसेल का?

उत्तर : बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यात दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींहून वेगळ्या आहेत.

उतरत्या दांड्याच्या फ्रेमा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोड बाइकमध्ये रुळल्या. माइक बरोज यांनी आखलेली जायंट कंपनीची टीसीआर ही सायकल त्यांपैकी सर्वांत गाजलेली. अशा फ्रेमचा आतला त्रिकोण लहान असतो आणि दांडा सीट ट्यूबला तिरका भेटतो. पंप दांड्याला समांतर ठेवला, तर त्याचे मागचे टोक सीट ट्यूबवर काटकोनाच्या जवळपास न बसता तिरके बसते, आणि स्प्रिंगचा रेटा त्याला नळीवरून वर किंवा खाली घसरवू पाहतो. ही भूमितीची अडचण आहे, ती खाचेने किंवा पट्टीने पूर्ण मिटत नाही.

दुसरी अडचण कार्बनची. कार्बनची नळी तिच्या लांबीच्या दिशेने फार बळकट असते, पण एका जागी टोचणारा दाब किंवा पट्टीचा आवळा तिला मानवत नाही. पंपाचे टोक अगदी थोड्या जागेवर टेकते, आणि प्रत्येक धक्क्याला तिथेच घासते. स्टीलवर अशा ठिकाणी रंग जातो. कार्बनवर रंगानंतर धाग्यांची पाळी येते, आणि आतले नुकसान बाहेरून दिसेलच असे नाही. आवळलेली पट्टी तर नळी चिरडूही शकते. फार पातळ नळ्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेमांनाही हेच थोड्या सौम्य शब्दांत लागू आहे.

आपण बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू वापरावे. ती दोन भोके ६४ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यांत एम ५ स्क्रू जातात आणि निर्मात्याने ती जागा भार घेण्यासाठीच मजबूत केलेली असते. पिंजऱ्याखाली बसणारा, पंप बाजूला धरणारा धारक मिळतो, त्यात वीत-दीड वीत लांबीचा मध्यम पंप बसतो. खिशातल्या पंपापेक्षा तो पुष्कळ बरा, विशेषतः त्याला तोंडाशी छोटी लवचीक नळी असेल, तर. स्क्रू किती आवळायचे याचा आकडा फ्रेमच्या पुस्तिकेत असतो, तो पाळावा. बसवल्यावर खोगिरावर बसून पॅडल मारून पाहावे. पोटरी पंपाला लागत असेल, तर धारक दुसऱ्या बाजूला किंवा डाऊन ट्यूबवर न्यावा. आणि धारकाच्या चिमट्यावर विसंबू नये, वेल्क्रोची पट्टी इथे तर हवीच, कारण या पंपाला दोन्ही टोकांनी कोणी धरलेले नसते.

प्रश्न : माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकची तार दांड्याच्या खालून जाते. पंप तिला दाबतो, त्यामुळे ब्रेक जड झाला आहे. काय करावे?

उत्तर : आधी पंप काढा, मग पुढचे वाचा. तार दांड्याच्या बरोबर खालून जात असेल, तर पंप खुंटीवर थोडा खाली बसवता येतो का पाहावे. तार आणि पंप यांत पेन्सिल सहज फिरेल इतकी जागा हवी. तार किंचित बाजूने जात असेल, तर पंप विरुद्ध बाजूला झुकवून चालते. तारेची पकड पट्ट्यांची असेल, डाखलेली नसेल, तर पट्ट्या फिरवून तार दांड्याच्या वर किंवा बाजूला नेणे सर्वांत सोपे. यांपैकी काहीच जमत नसेल, तर त्या सायकलवर दांड्याखाली पंप नको. ब्रेकपेक्षा पंप मोठा नाही.

प्रश्न : घरात पडून असलेला जुना लांब पंप बसवला, पण तो हवाच भरत नाही. दट्ट्या सरळ आत जातो, काही जोर लागत नाही. फेकून द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखे चामड्याचे वॉशर असते. ते वाळून आक्रसले की नळकांड्याला घट्ट बसत नाही आणि हवा बाजूने मागे निसटते. मुठीकडच्या बाजूचे झाकण फिरवून काढावे, दट्ट्या बाहेर ओढावा आणि वॉशर बोटांनी चाचपावे. ते खडखडीत लागले, तर त्यात व्हॅसलीन किंवा जनावराच्या चरबीचे तेल जिरवून रात्रभर ठेवावे. सकाळी ते मऊ झालेले असते. वाटीची कड बोटाने बाहेरच्या बाजूला फुलवावी आणि दट्ट्या परत घालताना थोडा फिरवत घालावा, म्हणजे कड दुमडत नाही. पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दाबल्यावर दट्ट्या मध्येच अडला आणि सोडल्यावर मागे उसळला, की काम झाले. कड फाटली असेल, तर मात्र नवीन वॉशर लागेल.

तोंडातले रबराचे वॉशर वेगळे. ते व्हॉल्व्हच्या दांडीला चिकटून बसते, ते चपटे झाले, तर हवा तोंडाशीच फुसफुसते. प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक, टोकाला छोटे नट असलेला) दांडी ६ मिलिमीटरची, श्रेडरची (मोटारीच्या टायरला असतो तसा जाड) ८ मिलिमीटरची. पुष्कळ पंपांत हे वॉशर उलटे घातले की दुसऱ्या मापाला चालते. आपला पंप नक्की कशासाठी लावलेला आहे, हे फेरीला निघण्यापूर्वी घरीच पाहावे. रबराला तेल लावू नये, ते फुगते. थोडे पाणी किंवा थुंकी पुरते.

प्रश्न : लांब पंपाने हवा भरताना दोनदा प्रेस्टा व्हॉल्व्ह मुळाशी फाटला. माझे काय चुकते?

उत्तर : आपण बहुधा पंप एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दाबत असाल. ज्या पंपाला नळी नसते आणि तोंड थेट व्हॉल्व्हवर बसते, त्यात दट्ट्यावरचा सगळा जोर व्हॉल्व्हच्या दांडीतून जातो. शेवटच्या दाबांना तो वीस किलोंच्या पुढे असतो, आणि हात जरा खाली-वर झाला की दांडी मुळाशी वाकते.

चाक असे फिरवावे की व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यातल्या दोनच्या जागी येईल. प्रेस्टाचे टोकाचे छोटे नट सैल करून क्षणभर दाबावे, हवा फुस् करून सुटली की टोक मोकळे झाले. पंपाचे तोंड सरळ, तिरके न होता बसवावे, त्याला टाच, म्हणजे तोंड घट्ट करणारी छोटी कळ, असेल, तर ती उचलून अडकवावी. मग डाव्या हाताची चार बोटे पंपाच्या तोंडाभोवती धरावीत आणि अंगठा टायरच्या पलीकडून, रिमवरून वळवून घ्यावा, म्हणजे पंप, रिम आणि टायर एकाच मुठीत येतात. आता उजव्या हाताने दाबलेला जोर डाव्या अंगठ्यावर येतो, व्हॉल्व्हवर नाही. उजवे कोपर बरगडीला टेकवून शरीराने दाबावे, नुसत्या मनगटाने नाही. धाव पूर्ण घ्यावी. अर्ध्या धावांनी घाईघाईत हालवल्याने हवा फारशी जात नाही, फक्त नळकांडे तापते. पूर्ण धावांनीही ते तोंडाच्या बाजूला चांगलेच तापते, हवा दाबली की ती तापणारच, तेव्हा डावा हात शेवटी चटका लागल्यासारखा सोडू नका.

तोंड काढताना ओढत, हेलकावत काढू नये. त्यानेच निम्मे व्हॉल्व्ह फाटतात. डाव्या मुठीने चाक धरूनच ठेवावे आणि उजव्या हाताच्या कडेने पंपाच्या तोंडावर खाली एक झटका द्यावा. ते सरळ रेषेत सुटते. जुन्या इंग्रजी पंपांना लवचीक जोडनळी असे. ती मुठीत ठेवलेली असे आणि दोन्ही टोकांनी आट्यांवर फिरवून बसवायची. तिच्यात हवा थोडी वाया जाई, पण व्हॉल्व्हवर जोर येत नसे. आपल्या पंपाच्या तोंडाला तशी नळी जोडता येत असेल, तर शिकेपर्यंत ती वापरायला हरकत नाही.